मास्तरांच्या टेबलाखालची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी केराची टोपली आहे. वेताची. शाळेत तुम्ही फाटक्या छत्रीचं मनोगत लिहिता, मोडक्या खुर्चीचं लिहिता, बंद पडलेल्या घड्याळाचं तर दर वर्षी लिहिता. टोपलीचं मनोगत मात्र कुणी लिहीत नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. छत्रीची, खुर्चीची आणि घड्याळाची ती सगळी मनोगतं शेवटी माझ्याकडेच येतात, तेव्हा मला वेगळं काही म्हणायचं असेल अशी शंका कुणाला आली नसावी. म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगावं. गोष्ट फार रंगतदार नाही. एका माणसाने एक पत्र चुरगळून माझ्यात टाकलं आणि ते टाकायला नको होतं, एवढीच आहे.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने विणलं. त्याची बोटं वेतासारखीच वाकडी झाली होती, आणि जीभ सरळ होती. विणून झालेल्या प्रत्येक टोपलीला तो एकच उपदेश करी, "बायांनो, पदरात पडेल ते घ्या, आणि तोंड उघडू नका." ज्यांना त्याने कायमचं उघडं तोंड देऊनच जन्माला घातलं होतं, त्यांना हा उपदेश करण्यात काय अर्थ होता, हे मला अजून कळलेलं नाही. वडीलधाऱ्यांचे उपदेश बहुतेक असेच असतात.

आम्ही बारा बहिणी एकाच गाडीतून एका चित्रपट कंपनीत गेलो. बोलपट नवे होते. पडद्यावरची माणसं बोलताना पाहायला लोक रांगा लावत, आणि त्या माणसांनी काय बोलायचं हे लिहायला कंपनीने पगारी माणसं ठेवली होती. एक बहीण रंगभूषेच्या खोलीत गेली. वर्षभरात पावडरीने गोरी झाली आणि आम्हाला ओळख दाखवेनाशी झाली. एक मालकांच्या खोलीत गेली. ती सगळ्यांत सुखी. मालक काही वाचतच नसत, त्यामुळे टाकतही नसत. मी कथाखात्यात आले, पटकथा लिहिणाऱ्या मास्तरांच्या टेबलाखाली.

मास्तर पूर्वी शाळेत भूगोल शिकवत. पृथ्वी गोल आहे हे एकाच वर्गाला सहा वर्षं सांगून झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि ते सिनेमात आले. नाव मास्तरच राहिलं. एकटेच राहत. त्यांना एक खोड होती, तिच्यामुळेच मी तुम्हाला हे सगळं सांगू शकते. त्यांना मनातल्या मनात वाचता येत नसे. संवाद लिहून लिहून तोंडाला सवय लागली होती. स्वतःचं लिखाण असो, वर्तमानपत्र असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, ते सगळं पुटपुटत वाचत. मी खाली बसून ऐकत असे.

टेबलाखाली राहणाऱ्याला माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात. मी माणसं पायांवरून ओळखायला शिकले. चेहऱ्याला अभिनय येतो; पायांना येत नाही, अगदी कंपनीतल्या नावाजलेल्या नटांच्याही. लिहिताना मास्तर खोटं लिहीत असले की त्यांचे पाय शांत असत. खरं लिहू लागले की एक पाऊल दुसऱ्यावर घासू लागे, चोरून आत आलेल्या माणसासारखं.

मास्तर कंपनीत नवे होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी दारात अनोळखी बुटांचा जोड उभा राहिला. डाव्या बुटाला नाडी होती, उजव्याला सुतळी. मास्तरांचे थोरले भाऊ होते ते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करत. आई-वडील लवकर गेल्यावर स्वतःची शाळा सोडून त्यांनी धाकट्याला शिकवलं होतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा खोलीत कंपनीची नायिका बसली होती, शेजारी दिग्दर्शक. सगळ्यांचे बूट चकचकीत होते.

"हे कोण?" नायिकेने सहज विचारलं.

मास्तर अर्धवट उठले. "हे... आमच्या गल्लीतले. ओळखीचे आहेत."

सुतळीवाला बूट अर्धं पाऊल मागे सरकला.

"हो, ओळखीचाच," दादा म्हणाले. "यांच्या घरून डबा दिलाय. गार व्हायच्या आत खा म्हणून सांगितलंय."

डबा टेबलावर टेकल्याचा आवाज झाला आणि बूट निघून गेले. मास्तरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. त्यानंतर दोघा भावांत लग्नकार्यापुरतं बोलणं उरलं, तेही "गाडी वेळेवर होती ना?" एवढंच. दादांची जीभ मुळातच तिखट. ते टोमणा मारतील या भीतीने मास्तर घरी जायचं टाळू लागले, आणि ते येत नाहीत म्हणून दादांना टोमणा मारायला जागा मिळाली. अशी भांडणं फार टिकतात. त्यांना वरून फोडणी द्यावी लागत नाही.

आता मास्तरांची लिहिण्याची पद्धत सांगते. प्रत्येक प्रवेश ते तीनदा लिहीत. पहिली प्रत एका दमात. ती मोठ्याने वाचत आणि वाचता वाचता लाजत. पाय घासू लागत, मग चर्र असा आवाज होई आणि प्रत माझ्या पोटात. दुसरी जरा नटवलेली. तीही माझ्यात. तिसऱ्या प्रतीला मात्र दागदागिने, फेटा, सगळं घातलेलं असे. ती ऐटीत ट्रेमध्ये जाऊन बसे, टाइप व्हायला. घर सोडून निघालेल्या मुलाला आई पहिल्या प्रतीत विचारायची, "जेवलास?" दुसऱ्या प्रतीत तिला हुंदका यायचा. तिसऱ्या प्रतीत तीच बाई म्हणायची, "हे पुत्रा, तुझ्या विरहाच्या वणव्यात माझ्या काळजाचं पान न् पान करपून जाईल!" एवढं बोलेपर्यंत मुलाची गाडी चुकली असती, पण सिनेमात गाड्या थांबतात.

ही तिसरी प्रत न्यायला रोज चार वाजता शेजारच्या खोलीतून टायपिस्टबाई येत. सपाट चपला, ठाम पावलं. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा आणि दोन मुली. सगळं घर बाईंच्या दहा बोटांवर चालायचं.

"मास्तर, या वाक्यात श्वास कुठे घ्यायचा?" बाई दारातच वाचून विचारत.

"श्वास नट घेईल, बाई. तुम्ही टाइप करा."

"घेईल हो. पण त्याचं वय झालंय."

एके दिवशी मास्तरांची दाढ ठणकू लागली आणि ते सकाळीच दातांच्या डॉक्टरकडे गेले. घाईत तिसरी प्रत त्यांच्या कोटाच्या खिशातच राहिली. इकडे सेट उभा, दिवे लागलेले, नट रंग लावून घामाघूम, आणि बोलायला शब्द नाहीत. दिग्दर्शक व्हरांड्यातून ओरडत होते, "बाई, कागद! अहो, नायिकेला खोटं रडायला लावून अर्धा तास झाला, आता ती खरी रडेल!"

बाई खोलीत आल्या. ट्रे पाहिला, खण पाहिला. मग वाकल्या आणि माझ्याकडे पाहिलं. कुणी माझ्यात असं वाकून पाहण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी पहिल्या प्रतीचे बोळे काढले, खाली बसून मांडीवर तळहाताने इस्त्री केल्यासारखे सरळ केले, आणि मग तिथेच उभ्या राहून वाचले. बराच वेळ त्यांच्या चपला हलल्या नाहीत. मग शेजारच्या खोलीतून टाइपरायटरचा आवाज सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर सुजलेला गाल घेऊन आले आणि तिसरी प्रत ट्रेमध्ये ठेवून म्हणाले, "कालचं राहिलं होतं." बाईंनी ती निमूट नेली आणि स्वतःच्या खणात घातली. सिनेमा लागला. त्या प्रवेशाला लोक ढसाढसा रडले.

पहिल्या दिवशी नाइलाज होता. दुसऱ्या खेपेला कुतूहल. पुढे तो रिवाजच झाला. मास्तर संध्याकाळी घरी गेले की बाई खाली वाकत. झाडलोट करणारे काका कुरकुरत.

"बाई, केर तुम्हीच न्यायला लागलात तर मी झाडू काय?"

"दुसरी प्रत ठेवलीय ना तुम्हाला. ती घेऊन जा."

"म्हणजे उष्टं."

"उष्टं नाही हो. मधलं आहे."

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मास्तरांना हे कळलं कसं नाही? तर मास्तर स्वतःचे सिनेमे पाहत नसत. पहिला सिनेमा पाहायला गेले तेव्हा शेजारचा प्रेक्षक त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला; तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. टाइप झालेली प्रत वाचत नसत, कारण वाचली की चौथी लिहावीशी वाटे. आणि सिनेमाच्या धंद्यात स्तुती ठोकच होते. "काय लिहिलंय, मास्तर!" म्हणतात. काय लिहिलंय ते कुणी सांगत नाही. एकदा न्हाव्याने दाढी करता करता त्यांच्या सिनेमातलं एक वाक्य म्हणून दाखवलं. मास्तर खोलीत येऊन म्हणाले, "लोकांना पाठांतर म्हणून राहिलं नाही, बाई. माझं एवढं मोठं वाक्य, त्याने तीन शब्दांत उरकलं."

"लोक आळशी झालेत," बाई म्हणाल्या.

नऊ वर्षं असं चाललं. मला मात्र धास्ती होती. एकाचा अभिमान आणि दुसरीची नोकरी, दोन्ही माझ्या पोटात, आणि माझं तोंड उघडं.

मग दोन भावांचा सिनेमा आला. मालकांना कुटुंबवत्सल काहीतरी हवं होतं. मास्तर चार दिवस नुसते बसून राहिले. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी एक प्रवेश लिहिला. एक माणूस धाकट्या भावाच्या ऑफिसात डबा घेऊन येतो. हे कोण, असं कुणी विचारतं. धाकटा म्हणतो, ओळखीचे आहेत. थोरला म्हणतो, हो, ओळखीचाच. तो गेल्यावर धाकटा डब्यासमोर बसून राहतो आणि कुणी नसताना बंद दाराला सांगतो, "तो माझा दादा आहे." बस, एवढंच. मास्तर ते वाचू लागले. पाय तर इतके घासत होते की मला वाटलं, ठिणगी पडून मी पेट घेणार. त्यांनी कागद चुरगळला. नेहमीसारखा नव्हे, दोन्ही हातांनी, दाबून, सुपारीएवढा.

तिसऱ्या प्रतीत ऑफिस नव्हतं, डबा नव्हता. समुद्रकिनारा होता. धाकटा भाऊ थोरल्याला म्हणत होता, "तू दीपस्तंभ, मी भरकटलेलं गलबत!" पाय अगदी शांत होते.

तो सुपारीएवढा बोळा उलगडायला बाईंना बराच वेळ लागला. तो प्रवेश मास्तरांच्या आयुष्यातला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते दादांना, मास्तरांना आणि मलाच ठाऊक. मी सांगू शकले असते तर सांगितलं असतं, की बाई, हे लिखाण टाकलेलं नाही, लपवलेलं आहे. बाईंना ते चांगलं वाटलं. त्यांनी टाइप केलं. दिग्दर्शकांनी बाहेरच्या चित्रीकरणाचा खर्च वाचला म्हणून देवाचे आभार मानले.

सिनेमा लागला आणि दुसऱ्या आठवड्यात मास्तरांना कंपनीच्या पत्त्यावर एक पत्र आलं. अक्षर पाहून ते उभ्या उभ्याच वाचू लागले.

"धाकट्या, आशीर्वाद. काल एकटाच जाऊन तुझा सिनेमा पाहिला. तू आपल्यावर लिहिलंस. इतक्या लोकांसमोर असं लिहायला छाती लागते. मला तेवढं पुरे आहे. पुढच्या सोमवारी पोटाचं ऑपरेशन आहे. त्याआधी एकदा येऊन जा. दादा."

मास्तर खुर्चीत बसले. मग एकटेच मोठ्याने बोलू लागले. "छाती लागते! दीपस्तंभ आणि गलबत लिहायला छाती लागते! खरं लिहायची हिंमत नाही झाली ते ओळखलंन् आणि मारला टोमणा. ऑपरेशनच्या तोंडावरसुद्धा जीभ गप्प बसत नाही याची."

आपण पडद्यावर दीपस्तंभ दाखवला आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्या समजुतीने वाचलं तर पत्रातला शब्द न् शब्द टोमणाच होता. मास्तरांनी पत्र चुरगळलं आणि माझ्यात टाकलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी इतकी वाट पाहिली. संध्याकाळी बाई आल्या. वाकल्या. वरचा बोळा उलगडला. "धाकट्या, आशीर्वाद" एवढं वाचलं आणि तिथेच थांबल्या. तो परत होता तसा चुरगळला, हळूच, कुणाला लागू नये असा, आणि माझ्यात ठेवून दिला. खालची प्रत तेवढी काढून घेऊन गेल्या. नंतर काका आले आणि मला उलटी करून गेले.

सोमवार आला नि गेला. मंगळवारी दुपारी तार आली. मास्तर आठ दिवसांनी कामावर आले तेव्हा बाई त्यांना भेटायला आत आल्या.

"फार त्रास झाला का हो त्यांना?"

"ऑपरेशनमधून शुद्धीवरच आला नाही म्हणे." मग मास्तर म्हणाले, "वहिनी माझ्याशी एकच वाक्य बोलली. विचारलंन्, 'पत्र मिळालं होतं का?' मी म्हटलं, मिळालं होतं. तिने मान हलवली आणि आत निघून गेली."

बाईंना काय आठवलं ते मला माहीत आहे. पण त्यांनाही तेव्हा अर्धंच माहीत होतं.

सिनेमा पंचवीस आठवडे चालला. मालकांनी थाटात सत्कार ठरवला आणि मास्तरांना चुकवाचुकवी करता येऊ नये म्हणून पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, एका बाजूला स्वतः आणि दुसऱ्या बाजूला स्वतःची पत्नी. सत्काराच्या आधी सिनेमा दाखवला. मी तिथे नव्हते. टोपल्यांना सत्काराला बोलवत नाहीत. हारांची गुंडाळी आली की समजायचं, झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते माझ्या समोर झालं.

"बाई, दार लोटा," मास्तर म्हणाले.

बाईंनी दार लोटलं.

"काल मी सिनेमा पाहिला."

"कळलं मला."

"माझा नव्हता तो."

"तुमचाच होता, मास्तर. अक्षर तुमचंच होतं."

"मी टाकलेलं होतं ते!"

"हो."

"किती दिवस चाललंय हे?"

"तुमची दाढ काढली तेव्हापासून."

मास्तरांनी मनाशी हिशोब केला असावा. "आणि माझ्या तिसऱ्या प्रती?"

"माझ्या खणात आहेत. सगळ्या. तारखेप्रमाणे लावलेल्या." बाईंनी एक कागद टेबलावर ठेवला. "हा माझा राजीनामा. सकाळीच टाइप केलाय."

मास्तरांनी तो उचलल्याचं मला ऐकू आलं. मग चर्र झालं आणि राजीनामा माझ्यात आला. तो मी आनंदाने घेतला.

आणि मग मास्तरांचे गुडघे वाकले. ते खुर्चीवर न बसता खाली जमिनीवरच बसले, टेबलाच्या पायाला टेकून, माझ्या शेजारी. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माझी कल्पना होती त्यापेक्षा तो पुष्कळ साधा होता. पहिल्या प्रतीसारखा.

"काल मी रडलो, बाई. तिथेच कळलं, कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्या लिखाणावर मी कधी रडत नाही." ते माझ्या काठावरच्या एका सुटलेल्या वेताशी चाळा करत होते. "दादाचं पत्र टोमणा नव्हता. तो खरंच पाहून आला होता. पाहिलं नव्हतं ते मी." त्यांनी बाईंना पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं, अथपासून इतिपर्यंत. ज्या माणसाने ते एकदाच वाचून टाकून दिलं होतं, त्याला ते असं पाठ असेल असं वाटलं नव्हतं.

बाई खुर्चीची कड धरून उभ्या होत्या.

"माझं सगळं उचललंत," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "नऊ वर्षं. चिटोरंसुद्धा सोडलं नाहीत. मग ते पत्र तेवढं का नाही उचललंत, बाई?"

"ते कंपनीचं नव्हतं, मास्तर. ते तुमचं होतं." बाई म्हणाल्या. "लोकांची पत्रं मी वाचत नाही."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "तुमचं बरोबरच आहे."

त्याच दुपारी त्यांनी वहिनींना पत्र लिहायला घेतलं. पहिली प्रत चार ओळींची झाली. "वहिनी, दादाचं पत्र मला मिळालं होतं. मी ते चुकीचं वाचलं. तो माझा दादा होता आणि मी त्याला ओळखीचा म्हणालो. मी सोमवारच्या आधी यायला हवं होतं." पाय घासले. चर्र. बोळा माझ्यात. हाताची सवय ती, दुःखातही सुटत नाही. दुसरी प्रत आली. तिसरीत काळाच्या निष्ठुर लाटा होत्या, नियतीचा घाला होता आणि क्षमेचा अथांग सागर होता.

चार वाजता बाई दारात आल्या.

"टाइप करायचंय का काही?"

"नाही. खाजगी आहे," मास्तर म्हणाले. "तुम्ही फक्त एवढं सांगा, कुठली पाठवू?"

बाईंना उत्तर माहीत होतं. नऊ वर्षं त्या एवढं एकच उत्तर देत आल्या होत्या.

"खाजगी आहे म्हणालात ना," त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

मग मास्तरांचा हात खाली आला. आतापर्यंत तो हात नेहमी वरून टाकायलाच यायचा. त्या दिवशी आत आला, चाचपडला, चुकीचा बोळा धरला, सोडला, आणि खालचा छोटा बोळा घेऊन वर गेला. त्यांनी तो नीट सरळ केला. पुन्हा उतरवून काढला नाही. चुरगळलेला तसाच पाकिटात घातला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

आठव्या दिवशी वहिनींचं उत्तर आलं. कार्डावर दोनच ओळी होत्या, मास्तरांनी त्या दोनदा वाचल्या म्हणून मला पाठ आहेत. "पत्र पोचलं. ते असते तर त्यांना एवढं पुरलं असतं. मला वेळ लागेल."

ते कार्ड माझ्याकडे आलं नाही. मास्तरांनी ते खिशात ठेवलं आणि त्या दिवशी काही लिहिलं नाही. त्यानंतर दर सोमवारी ते लवकर निघू लागले. वहिनींकडे जात, असं काकांच्या बोलण्यातून कळलं. वहिनी दार उघडत, पाणी देत, समोर बसत. बोलत नसत. मास्तर तासभर बसून परत येत.

पुढचं सांगायला मला संकोच वाटतो, कारण त्यात माझाही दोष आहे असं कधीकधी वाटतं. मास्तरांनी तीन प्रतींची पद्धत सोडली. एकदाच लिहायचं आणि बाईंच्या हातात द्यायचं, असं ठरवलं. मी रिकामी राहू लागले. तुम्हाला वाटेल, आता तर सोनंच पिकलं असेल. तसं झालं नाही. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचणार आहे हे कळल्यावर पहिलीच प्रत तिसरीसारखी होऊ लागली. कुणी पाहत नाही असं समजून ते जे लिहीत, ते आता लिहिता येईना. बाई वाचत, काही न बोलता टाइप करत. कधी जाता जाता माझ्याकडे पाहत. माझ्यात पेन्सिलीचं टरफल असे, नाहीतर संत्र्याची साल.

दोन सिनेमे पडले. मालकांनी बोलावून घेतलं. मास्तर परत आले, कोट उचलला. बाई दारात होत्या.

"येतो, बाई."

"मास्तर..."

"तुमचं काही चुकलं नाही. उलट दादाने ते पाहिलं तरी. तुम्ही नसता तर तो दीपस्तंभ बघून मेला असता."

बाईंचं हसू ऐकू आलं आणि लगेच पदरात दबलं. मास्तरांचे पाय दाराबाहेर गेले. पुढे ते कुठे राहिले, वहिनी कधी बोलल्या की नाही, मला माहीत नाही. टोपलीला कुणी पत्ता देऊन जात नाही.

कंपनी बंद पडली, तिचं सामान विकलं गेलं. आता मी दुसऱ्या एका स्टुडिओच्या सामानघरात असते. तुटक्या सिंहासनाच्या आणि लाकडी तलवारींच्या मध्ये. सिनेमात ऑफिसचा प्रवेश असला की मला बाहेर काढतात, फडक्याने पुसतात आणि टेबलाशेजारी ठेवतात. म्हणजे सध्या मी केराच्या टोपलीचं काम करते. आमच्या घराण्यात एवढी बढती कुणाला मिळाली नाही. माझ्यात कोरे कागद चुरगळून टाकतात. त्यांवर काही लिहिलेलं नसतं, पण पडद्यावर ते कळत नाही.

मित्रांनो, तुम्ही मला वापरा. आपलं लिखाण टाका, फाडा, हवं तेवढं चुरगळा. त्यावर हक्क तुमचा आहे, आणि टाकल्याशिवाय लिहिणं होत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एवढंच करा. दुसऱ्याने तुम्हाला लिहिलेलं पत्र रागाच्या भरात आमच्यात टाकू नका. एक दिवस खिशात ठेवा. राग उतरला की पुन्हा वाचा, आणि तेव्हाही टोमणाच वाटला तर लिहिणाऱ्याकडे जाऊन विचारा. तो असेपर्यंत विचारा.

कारण आम्हा टोपल्यांना नुसतं पोट असतं. हात नसतात. तुमचं पत्र उचलून तुमच्यापुढे परत धरायची आमची कितीही इच्छा असली, तरी ते आम्हाला जमत नाही.